कुलूपबंद शोकसभा

बायको गेली की नवऱ्याला घरात काहीच सापडत नाही म्हणतात. कात्री सापडत नाही, चष्म्याचं घर सापडत नाही, आणि साखर आपल्याच घरात कुठल्या डब्यात असते हे त्याला शेजाऱ्यांना विचारावं लागतं. शेरासाहेबांना या सगळ्या गोष्टी सापडल्या, कारण बायकोने दवाखान्यात दाखल व्हायच्या आधी प्रत्येक डब्यावर आणि खणावर चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या. सापडला नाही तो एक पासवर्ड.

शेरासाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात ते अधीक्षक होते आणि समोर आलेला कागद शेरा मारल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही, असा त्यांचा बाणा होता. खिशात कायम लाल शाईचं पेन. निवृत्त झाल्यावर कचेरीचे कागद बंद झाले, पण हाताची खाज काही निवृत्त होत नाही. मग घरातल्या कागदांची पाळी आली. बायकोने बहिणीला लिहिलेल्या पत्रात 'तुझी फार आठवण येते' असं होतं. साहेबांनी खाली रेघ मारून समासात लिहिलं, 'फार म्हणजे किती? स्पष्ट करावे.' त्यानंतर बहिणीला पत्रं गेली नाहीत. फोन गेले.

बायको शाळेत भूगोल शिकवायची आणि सगळं गाव तिला बाई म्हणायचं. बाईंची शिकवण्याची एक पद्धत होती. फळ्यावर काही लिहिलं की सगळ्या वर्गाने ते एका सुरात मोठ्याने वाचायचं, आणि पूर्णविराम येईपर्यंत थांबायचं नाही. मधेच कोणी श्वास घ्यायला थांबला तर पुन्हा पहिल्यापासून. "अर्धं वाचणारा अर्धाच राहतो," असं त्या म्हणायच्या. पुढे फळ्याच्या जागी पडदा आला, बाई कॉम्प्युटरवर प्रेझेंटेशन करायला शिकल्या, घरी एक यंत्रही घेतलं आणि त्याची सगळी भाषा मराठी करून घेतली. पण वाचण्याची पद्धत तीच राहिली.

एकदा बाईंनी शाळेच्या प्रदर्शनासाठी नद्यांवर असंच एक प्रेझेंटेशन केलं होतं. त्यात 'नदी रुसली की घर बदलते' असं एक वाक्य होतं. बाई झोपल्या असताना साहेबांनी ते उघडून 'नदीचे पात्र कालांतराने स्थलांतरित होते' असं केलं, आणखीही बऱ्याच ठिकाणी शिस्त लावली. बंद करताना यंत्राने विचारलं, बदल ठेवायचे का? साहेबांनी मोठ्या समाधानाने हो म्हटलं. प्रदर्शनात पोरांनी ते वाक्य एका सुरात वाचलं आणि कोणी हसलं नाही. घरी आल्यावर बाईंनी वाढताना फक्त विचारलं, "मीठ बरोबर आहे का, की त्यातही काही सुचवायचंय?"

दवाखान्यात, डॉक्टरांनी मान हलवायला सुरुवात केल्यावर, बाईंनी साहेबांना जवळ बसवून घेतलं.

"माझ्या सभेत कोणी भाषण करायचं नाही."

"कसली सभा? काहीतरीच काय बोलतेस!"

"शाळेत शोकसभा ठेवतीलच ना? आणि मुख्याध्यापिका एकदा बोलायला उभ्या राहिल्या की लोक गेल्याचंही त्यांना कळत नाही. मी सगळं करून ठेवलंय कॉम्प्युटरवर. 'सभेसाठी' नावाने आहे. तेवढं लावा, सगळ्यांना चहा द्या आणि सोडा. वचन द्या."

"दिलं," साहेब म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "मी आधी एकदा नजरेखालून घालतो."

बाईंना हसू आलं आणि हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "घाला हो. बघायला कोणाची ना आहे?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. साहेबांना ती फाइल नजरेखालून घालायची होती ती काही केवळ सवयीने नव्हे. त्यांना भीती वाटत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात बाईंच्या तोंडून तक्रार अशी कधी निघाली नव्हती. आणि जिथून तक्रारच येत नाही तिथे आत कुठेतरी पाणी साठलेलं असतं, हे पाणीपुरवठ्यातल्या माणसाला कोणी सांगायला नको. शोकसभेत, भरल्या सभागृहात, ते सगळं एकदम बाहेर आलं तर?

तशी बाहेर येण्यासारखी पुष्कळ प्रकरणं होती, पण साहेबांच्या मनातून न जाणारं एकच. मुलगी झाली तो दिवस. त्या दिवशी कचेरीत ऑडिट होतं. साहेबांनी चहाचा थर्मास देऊन शिपायाला दवाखान्यात पाठवलं आणि सांगितलं, "हे बाईंना दे आणि तिथे थांब." परत ये, असं सांगायचं राहून गेलं. शिपाई हुकमाचा ताबेदार. तो दिवसभर दवाखान्याच्या बाकावर उपाशी बसून राहिला. शेवटी नर्सने बाळ आणून बाप समजून त्याच्याच हातात दिलं. साहेब पोचले दुसऱ्या दिवशी, ऑडिटचं उत्तर बिनचूक देऊन. बाई तेव्हाही काही बोलल्या नव्हत्या. मुलीला हे कोणी सांगितलं नव्हतं, पण मुली न सांगताच ओळखतात. मोठी झाल्यावर ती फोन करायची आणि साहेबांनी उचलला की म्हणायची, "बाबा, आईला द्या." आता आई नव्हती. आता ती विचारायची, "गोळ्या घेतल्या?" साहेब म्हणायचे, "घेतल्या." आणि फोन संपायचा.

बाई गेल्या. साहेबांनी पाहुण्यांची पांगापांग होऊ दिली, मग लाल पेन खिशाला लावून बाईंच्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि 'सभेसाठी' उघडायला गेले. पडद्यावर एक करड्या रंगाची चौकट आली. तीत बारीक अक्षरांत काही मजकूर होता, पण साहेबांच्या डोळ्यांत भरले ते 'पासवर्ड टाका' एवढे शब्द आणि खालची रिकामी जागा. सगळी नोकरी त्यांनी लोकांना रिकाम्या जागा भरायला लावण्यात घालवली होती. रिकामी जागा दिसली की ती भरायची, बाकीचा मजकूर हा अडाण्यांसाठी असतो.

त्यांनी पहिल्यांदा आपलं स्वतःचं नाव टाकलं. यंत्र म्हणालं, चूक. साहेबांच्या मनाला ते जरा लागलं. मग मुलीचं नाव टाकलं. चूक. मग शाळेचं. चूक. आपलं नाव कदाचित घाईत टाकलं असेल म्हणून पुन्हा एकदा सावकाश टाकलं. ते तरीही चूकच होतं.

वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. सगळे त्यांना बँकवाले म्हणत. सल्ला देण्याच्या बाबतीत त्यांचा हात बँकेतल्यापेक्षा पुष्कळ सैल होता. ते चहाला आले आणि हकीकत ऐकताच कपावर बशी झाकून उभेच राहिले.

"किती वेळा चुकलात?"

"झालं असेल तीन-चारदा."

"अहो, बंद करा आधी ते! आमच्याकडे तीनदा चुकलं की कार्ड गिळतं मशीन. आणि या फायलींचं तर त्याहून वाईट. फार चुकलं की फाइल स्वतःच स्वतःला पुसून टाकते."

"पुसून टाकते?"

"कोरी! वहिनींचं शेवटचं काम, साहेब. हातानं मातीत घालाल."

साहेबांनी घाईने यंत्र बंद केलं आणि वर बाईंची शाल घातली. त्या दिवसापासून त्या यंत्राला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. मोलकरणीने शालीवरची धूळ झटकली तेव्हा ते तिच्या अंगावर धावून गेले. फाइल मात्र त्यांनी आधीच पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती.

"मूळ कागदावर प्रयोग करायचा नाही, नकलेवर करायचा," ते बँकवाल्यांना म्हणाले. इतकं सरकारी शहाणपण त्यांच्यात अजून शिल्लक होतं.

"पासवर्ड म्हणजे माणसाला जे सगळ्यात आवडतं ते," बँकवाले जिना चढता चढता म्हणाले. "वहिनींना काय आवडायचं?"

चहा म्हणावं तर चहा बाईंनी कधीच सोडला होता. रंग? फूल? गाणं? बाईंना काय आवडत नसे याची यादी ते घडाघडा म्हणू शकले असते, कारण त्यातल्या बहुतेक गोष्टी ते स्वतः करत असत. आवडीच्या सदरात काहीच सापडेना. "सांगतो विचार करून," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

पेनड्राइव्ह घेऊन ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथल्या बाईने कानाला फोन, हातात टाचणीयंत्र आणि नजर तिसऱ्याच गिऱ्हाइकावर ठेवून फाइल उघडून पाहिली.

"काका, आमची सिस्टीम वेगळी आहे. फुकटातली आहे. तिला हे कुलूप कळत नाहीये. फाइल बिघडलीय म्हणते. दुरुस्त करू का, विचारतेय."

दुरुस्ती हा शब्द कानावर पडताच साहेबांना कित्येक दिवसांनी बरं वाटलं. "करा की! अवश्य करा!"

यंत्र बराच वेळ कण्हलं आणि फाइल उघडली. पहिलं पान पांढरं. दुसरं पांढरं. तिसरंही. एकामागून एक पानं सरकत होती, आणि सगळी स्वच्छ, कोरी. दुरुस्त.

साहेबांनी काउंटरची कड धरली. ही नुसती नक्कल आहे, मूळ घरी शालीखाली सुरक्षित आहे, हे त्यांना माहीत होतं. तरी ती कोरी पानं बघून त्यांना पहिल्यांदाच नीट कळलं की बाई गेल्या. दवाखान्यात कळलं नव्हतं. घरी आल्यावरही कळलं नव्हतं. झेरॉक्सच्या दुकानात, पासपोर्टचे फोटो काढायला आलेल्या एका माणसाच्या मागे उभं असताना कळलं.

"काका, बसा जरा," दुकानातली बाई म्हणाली. "पाणी देऊ?"

जावई बाहेरगावी मोठ्या हुद्द्यावर होता आणि त्याच्याकडे अतिशय महाग, पातळ असा लॅपटॉप होता. साहेबांनी बँकवाल्यांकडून पेनड्राइव्हवरची, दुरुस्ती न झालेली फाइल त्याला पाठवली. संध्याकाळी जावयाचा फोन आला.

"बाबा, इथे उघडत नाही. पासवर्ड मागतंय."

"तुमच्या एवढ्या महागाच्या यंत्रावरसुद्धा?"

"ही कंपनीच वेगळी, बाबा. सगळंच वेगळं. त्यांच्याकडच्या कुलपांच्या खाचाखोचा इकडे समजत नाहीत. सरळ नाही म्हणतं. तुम्ही तिकडच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन करा ना."

मदत केंद्र हे प्रकरण साहेबांना नवं होतं. म्हणजे मदत केंद्र नवं नव्हतं, काचेच्या या बाजूला उभं राहणं नवं होतं. बराच वेळ वाजंत्री ऐकवून झाल्यावर एक गोड आवाजाची मुलगी बोलू लागली.

"सर, फाइल कोणाची आहे?"

"माझ्या पत्नीची."

"मग मॅडमना फोन द्याल का, प्लीज?"

"त्या वारल्या."

"ओके सर. मग त्यांच्या मोबाइलवर आम्ही एक नंबर पाठवतो, तो त्यांनी आम्हाला सांगायचा."

"अहो, त्या वारल्या आहेत!"

"समजलं सर. पण नियमाप्रमाणे त्यांनीच सांगावं लागतं."

साहेबांच्या कपाळाची शीर उडू लागली. पण का कोण जाणे, रागावतानाच त्यांना आपल्या खिडकीसमोरची एक म्हातारी आठवली. मेलेल्या नवऱ्याच्या नावचं नळाचं कनेक्शन स्वतःच्या नावावर करून घ्यायला आली होती, आणि साहेबांनी तिच्या अर्जावर लाल शाईत शेरा मारला होता, 'मूळ अर्जदाराची सही आवश्यक.' ते एकदम नरमले.

"दुसरा काही मार्ग?"

"मृत्यूचा दाखला पाठवा सर. आम्ही पडताळून कळवू."

दाखला नगरपालिकेच्या संकेतस्थळावर होता आणि तीही फाइल कुलूपबंद निघाली. पासवर्ड म्हणून मृताची जन्मतारीख टाकायची होती. साहेबांनी ती टाकली आणि दाखला पहिल्या फटक्यात उघडला. एवढ्या भानगडीत हे एकच कुलूप त्यांना उघडता आलं. त्यात त्यांच्या बायकोचं नाव होतं, वय होतं आणि कारण होतं, आणि एकही चूक नव्हती. साहेबांनी तो तीनदा वाचला, कुठेतरी चूक असेल या आशेने.

दाखला पाठवला. उत्तर आलं की पडताळणीला अवधी लागेल. सभा दुसऱ्या दिवशी होती.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "काही काळजी करू नका, फाइल नाही उघडली तर मी आहेच. मी थोडक्यात बोलेन." हे ऐकून साहेबांना घाम फुटला. बाईंना दिलेलं ते शेवटचं वचन, आणि नीट बघायला गेलं तर जवळजवळ पहिलंच.

"शाळेच्या कॉम्प्युटरवर बघू या का?" त्यांनी विचारलं.

"शाळेची सिस्टीम नवीन आहे. बाहेरचा पेनड्राइव्ह घेतच नाही. बाई नेहमी घरूनच आणायच्या आपलं यंत्र."

तेव्हा शेवटचा उपाय म्हणून साहेबांनी बाईंचं यंत्र शाळेत न्यायचं ठरवलं. मूळ कागद आता पुढे करायचा, जे होईल ते होईल. सकाळी त्यांनी ते अवजड धूड शालीसकट उचललं आणि बँकवाल्यांना हाताशी घेऊन जिन्याने उतरवू लागले. शालीखालून एक वायर लोंबत होती. समोरच्या घरातली म्हातारी दारात आली, तिने पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! आता आणखी कोण?"

"कॉम्प्युटर आहे, आजी!"

"हो का? कधी गेला?"

सभागृह गच्च भरलं होतं. बाईंचे जुने विद्यार्थी आले होते. कोणाला टक्कल पडलं होतं, कोणाच्या कडेवर नातवंड होतं, आणि सगळे पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन अडकून बसले होते. मुलगी आणि जावई थेट प्रवासातून येऊन पुढच्या बाकावर बसले. मागच्या भिंतीपाशी कचेरीतला तो शिपाईही होता. आता म्हातारा झाला होता, पण बसायला जागा असूनही उभाच होता, सवयीने.

वायरी जोडल्या. प्रोजेक्टर लागला. साहेबांनी 'सभेसाठी' उघडली आणि त्यांची ती जुनी वैरीण, करडी चौकट, भिंतीएवढी होऊन पडद्यावर आली.

साहेबांनी बोटं कळांवर ठेवली. टाकायचं काय? घरातले सगळे शब्द संपले होते. एवढ्या माणसांसमोर चुकायचं, आणि फाइल स्वतःला पुसून टाकताना एवढ्या माणसांनी बघायचं. मुख्याध्यापिकांनी पदर सावरला. त्या उठण्याच्या बेतात होत्या.

आणि तेवढ्यात कोणाच्याही सांगण्यावाचून तो अख्खा वर्ग, टकल्यां-आज्यांसकट, एका सुरात वाचू लागला. बाईंच्या पडद्यावर मजकूर आला होता, आणि तो आला की वाचायचा असतो.

"ही फाइल राखून ठेवलेली आहे. दुरुस्ती करायची असल्यास पासवर्ड टाका, किंवा फक्त वाचण्यासाठी उघडा."

पूर्णविराम आला. वर्ग थांबला.

साहेबांनी मान वर केली. रिकाम्या जागेच्या खाली, भिंतीवर हातभर लांब, एक बटण होतं. 'फक्त वाचा.' ते पहिल्या दिवसापासून तिथेच होतं.

म्हणजे कुलूप बघण्याला नव्हतंच. कुलूप दुरुस्तीला होतं. अख्ख्या जगात ज्याला ती फाइल दुरुस्त करायची बुद्धी होईल असा माणूस एकच होता, आणि तो आता भर सभेत लाल पेन खिशाला लावून उभा होता. मागून कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांचे कान तापले. मग त्यांनी मुकाट्याने ते बटण दाबलं आणि मुलीच्या शेजारी जाऊन बसले.

पहिलं पान आलं आणि वर्गाने वाचलं, "मी गेले म्हणून कोणी उभं राहू नका. बाकं मोजकीच आहेत, पुन्हा जागा मिळणार नाही." हशा पिकला आणि हसता हसता बऱ्याच जणांनी रुमाल काढले. मग डोंगर आले, मुलांच्या सहली आल्या. नदीचं चित्र आलं आणि वर्ग म्हणाला, "नदी रुसली की घर बदलते." पुढे 'ह्यांना बोलायला लावू नका. हे रडतील आणि मग स्वतःच्या रडण्यावर शेरा मारतील,' हेही सगळ्यांनी अगदी ताल धरून वाचलं. साहेब मान खाली घालून ऐकत राहिले. आता येणार. प्रत्येक पानाबरोबर त्यांना वाटत होतं, आता येणार.

आणि ते आलंच. दवाखान्याचा व्हरांडा, बाळाचं दुपटं, आणि खाली मजकूर. वर्गाने श्वास घेतला.

"आमची लेक जन्मली त्या दिवशी हे दिवसभर दवाखान्याच्या बाकावर उपाशी बसून होते. लेक पहिल्यांदा ह्यांच्याच हातात दिली."

साहेबांना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग त्यांनी स्वतः वाचलं, पूर्णविरामापर्यंत. जगातल्या लहानसहान डोंगरांची उंची जिला तोंडपाठ होती, ती बाई त्या दिवशी बाकावर कोण बसलं होतं हे विसरणार नव्हती. तिने थर्मास त्या शिपायाच्या हातून घेतला होता. तिला सगळं माहीत होतं, आणि तिने हे बसून, विचार करून लिहिलं होतं, आणि वर कुलूप लावलं होतं.

शेजारी काहीतरी हललं. मुलीने त्यांच्या हातावर हात ठेवला होता. तो केव्हा शेवटचा ठेवला होता हे त्यांना आठवेना.

"बाबा," ती म्हणाली. "हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत."

पानं संपली, दिवे लागले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाईंनी नको म्हटलंय, तरी साहेब, दोन शब्द?"

शेरासाहेब उठले. आयुष्यभराची सवय त्यांना उठवूनच गेली. ते म्हणाले, "त्यात एक चूक आहे."

सभागृहभर एक सुस्कारा उमटला. "बघा," कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "आजसुद्धा!" बँकवाल्यांनी कपाळाला हात लावला. "एखाद्या अनुस्वाराचं काहीतरी असेल," मागच्या बाकावर कुजबुज झाली. मुख्याध्यापिकांच्या चेहऱ्यावर दया आणि चीड दोन्ही दिसू लागली.

साहेबांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. म्हातारा शिपाई त्यांच्याकडेच बघत होता. त्याने हळूच नकारार्थी मान हलवली. साहेबांना त्याने एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं.

"कुठली चूक, बाबा?" मुलीने विचारलं. तिचा हात अजून तसाच होता.

शेरासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. सगळी सभा त्यांच्याकडे, सुतकातही काना-मात्रा मोजणाऱ्या एका माणसाकडे, बघत होती. बघू दे, असं त्यांना वाटलं.

"काही नाही," ते म्हणाले. "राहू दे."

चहा झाला, माणसं पांगली. साहेब यंत्रापाशी गेले आणि फाइल बंद केली. एरवी बंद करताना यंत्र विचारायचं, बदल ठेवायचे का म्हणून. या वेळी त्याने काही विचारलं नाही. कुठे काही बदललेलंच नव्हतं. साहेबांनी वायरी काढल्या, यंत्रावर शाल घातली, आणि मुलीला म्हणाले, "त्या बाजूने जरा धरतेस का?"